सहज दिसलेलें हरिण

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं कामानिमित्त करमाळ्याकडे जाण्याचा योग आला. परत फिरतांना सूर्य मावळतीस टेकला होता, आणि रस्त्याच्या डाव्या हातास पसरलेल्या कुसळी गवताच्या माळावर एकाएकीं कांहीं हालचाल दिसली. गाडी थांबविली. पाहतों तों अकरा हरिणांचा एक कळप माना वर करून आमच्याकडे टक लावून उभा! त्यांत एकच काळवीट होता. पाठ काळीभोर, पोट पांढरेंशुभ्र आणि शिंगांना तो सुप्रसिद्ध पीळ. दोन-तीन मिनिटें आम्हीं परस्परांस न्याहाळलें. मग एका मादीनें उसळी घेतली आणि तिच्यामागून सारा कळप दिसेनासा झाला. माझ्याबरोबर माझी धाकटी मुलगी होती. तिनें विचारलें, "बाबा, आजोबांच्या लहानपणीं हीं येथें अशींच असत का?" प्रश्न साधा होता, परंतु इतिहासाच्या अध्यापनांत पंचवीस-तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास त्याचें उत्तर चटकन् देतां येईना, याचें मला वैषम्य वाटलें.

माझे आजोबा याच तालुक्यांतील एका खेड्यांत शाळामास्तर होते. त्यांच्या रोजनिश्या आमच्या घरीं एका पेटींत जपून ठेविलेल्या आहेत. घरीं परततांच मीं त्या बाहेर काढल्या. १९३६ पासून पुढें चौदा वर्षांच्या त्या वह्या. पाऊस किती पडला, ज्वारीचा भाव काय, कोणाच्या घरीं बारसें झालें, कोणाची गाय व्याली, सारें कांहीं त्यांत आहे. पण हरिणाचें नांव कोठेंच नाहीं. अखेर १९४९ च्या वहींत एक ओळ सांपडली: माळावर तीन हरणें दिसलीं. एवढेंच. घाईघाईनें निष्कर्ष काढणारा एखादा संशोधक म्हणेल, कीं करमाळ्याच्या माळावर हरिणें प्रथम आलीं तीं १९४९ सालीं! परंतु माझे वडील सांगत, कीं ते लहान असतांना शाळेच्या मागच्या माळावर शेंकड्यांनीं हरिणें चरत, आणि त्यांना ज्वारींतून हांकलण्यासाठीं पोरांना माळ्यावर बसवीत. म्हणजे जोंवर तीं रोज दिसत होतीं तोंवर आजोबांना त्यांची नोंद करण्याचें कारणच पडलें नाहीं. त्यांनीं लेखणी उचलली ती हरिण दिसलें म्हणून नव्हे, तर दिसेनासें झालेलें हरिण पुन्हां दिसलें म्हणून!

या एका ओळीनें मला विचार करावयास लाविलें. राजांच्या लढाया, तह आणि सनदा यांचा इतिहास आपण कागदपत्रांवरून लिहितों. पण ज्या भूमीवर हें सारें घडलें तिच्यावर कोणते पशु हिंडत होते, ते कधीं कमी झाले, कां नाहींसे झाले, याचा इतिहास लिहावयाचा तर आधार कोणता? आधार बहुतेक असाच. कोणीतरी वाटेनें जातां जातां सहज पाहिलें आणि सहज लिहून ठेविलें. हा पुरावा मोठा मोलाचा आहे, पण तितकाच फसवा आहे. त्याचें मोल आणि त्याचा फसवेपणा हीं दोन्ही कांहीं उदाहरणांनीं दाखवावीं, असा या लेखाचा हेतु आहे.

पहिली अडचण शब्दांचीच आहे. संस्कृतांत 'मृग' म्हणजे आज आपण समजतों तें हरिण नव्हे. मुळांत तो कोणत्याही रानपशूस लाविलेला शब्द आहे. म्हणून सिंह हा मृगेंद्र, वानर हा शाखामृग, आणि राजांची शिकार ती मृगया. वैदिक वाङ्मयांत हत्तीसही हात असलेला मृग म्हटलेलें आहे. मौज अशी, कीं इंग्रजींत हरिणवाचक 'डीअर' हा शब्दही पूर्वीं सर्व पशूंस लावीत, आणि जर्मन भाषेंतील त्याचा सहोदर अजून त्याच व्यापक अर्थानें वापरतात. दोन दूरच्या भाषांनीं पशुमात्राचें नांव अखेर हरिणाच्याच पदरीं बांधावें, यावरून रानांत मनुष्याच्या दृष्टीस सर्वांत अधिक वेळां कोण पडत असावें याचा अंदाज करावा. आपल्या बोलींतही हाच घोटाळा. खेड्यांत 'वाघ आला' म्हणतात तेव्हां तो पट्टेरी वाघ कीं बिबळ्या, हें विचारून घ्यावें लागतें. बिबळ्यास कोणी 'चित्ता'ही म्हणतात. फारसी ग्रंथांतील 'शेर' कोठें सिंह असतो तर कोठें वाघ. जुना उल्लेख वाचतांना हें तारतम्य राखलें नाहीं, तर जो प्राणी जेथें कधींच नव्हता तेथें आपण त्यास कागदावर जन्म देऊन बसतों.

आतां काळाच्या क्रमानें पाहूं. आपल्या देशांत पशूंविषयीं राजानें स्वतः बोललेले अगदीं जुने शब्द म्हणजे अशोकाचे शिलालेख. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांतील पहिल्या शिलालेखांत तो सांगतो, कीं पूर्वीं आपल्या पाकशाळेंत रोज लाखों प्राणी मारले जात. आतां दोन मोर व एक हरिण एवढेच मारले जातात, आणि तें हरिणही नेहमीं नव्हे. पुढें तेही बंद होईल. लाखांचा आंकडा अलंकारिक म्हणून सोडून दिला, तरी शेवटपर्यंत जें सुटलें नाहीं तें हरिण होतें, हा बारीक तपशील कोणी कल्पनेनें लिहीत नाहीं. आठव्या लेखांत तो म्हणतो, कीं पूर्वींचे राजे मृगयेसाठीं विहारयात्रा करीत. आपण मात्र संबोधीस जाऊन धर्मयात्रेचा प्रघात पाडला. याच आठव्या लेखाचा एक तुटका तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ सालीं आपल्या ठाणें जिल्ह्यांतील सोपारें येथें सांपडला (आतां तें गांव पालघर जिल्ह्यांत मोडतें). मृगया सोडल्याची ती ग्वाही कोंकणच्या किनाऱ्यावरही कोरली गेली होती, ही गोष्ट आपण महाराष्ट्रीयांनीं विसरूं नये.

परंतु राजांनीं मृगया सोडली नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वरानें 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला, त्यांत राजाच्या विनोदांमध्यें मृगयेस मानाचें स्थान आहे, आणि हरिणाच्या मागें चित्ते सोडण्याच्या खेळाचाही त्यांत उल्लेख आहे. हा राजा दख्खनचा; तेव्हां आपल्या या माळांवर त्या काळीं काळवीट आणि चित्ता हीं दोन्ही होतीं असें मानण्यास चांगला आधार मिळतो.

मोंगल बादशहांनीं आपल्यासाठीं फार मोठें साधन ठेविलें आहे. बाबराच्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानच्या प्राण्यांचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. परक्या देशांतून आलेला मनुष्य जें नवें दिसेल तें कुतूहलानें लिहितो; म्हणून हत्ती, गेंडा, रानरेडा, नीलगाय, काळवीट यांचीं वर्णनें त्यानें बारकाईनें केलीं. १५१९ सालीं सिंधु नदीच्या पलीकडील झाडींत त्यानें गेंडे मारले, आणि १५२५ सालीं पेशावरजवळ पुन्हां गेंडे उठविले. त्या प्रसंगीं हत्ती व गेंडा समोरासमोर आल्यास काय होतें हें पाहण्याची त्यास उत्कंठा लागली होती. पेशावरच्या आसपास गेंडा! आज गेंडा पाहावयाचा तर आसाम, उत्तर बंगाल किंवा नेपाळच्या तराईंत जावें लागतें. बाबरानें हें लिहिलें नसतें, तर कोणी सांगूनही आपण विश्वास ठेविला नसता.

जहांगीर हा याहून निराळा मनुष्य. त्याच्या ठिकाणीं शिकारी आणि निसर्गाचा अभ्यासक हे दोघेही एकाच वेळीं नांदत होते. बारा वर्षांचा असल्यापासून पन्नाशीपर्यंत आपण किती शिकार केली याचा हिशेब त्यानें कारकुनांकडून करविला. एकूण २८,५३२ प्राणी, त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतःच्या हातानें मारलेले! याच बादशहानें मनसराज नांवाच्या आपल्या आवडत्या हरिणाच्या थडग्यावर दगडी हरिण बसविलें, आणि त्या मैदानांत कोणीं हरिण मारूं नये असा हुकूम सोडला. लाहोरपासून जवळच शेखूपुरा येथें त्या हरिणाच्या स्मरणार्थ बांधलेला 'हिरण मिनार' अजून उभा आहे. जहांगीर असेंही लिहितो, कीं त्याच्या बापानें, म्हणजे अकबरानें, एका वेळीं हजार चित्ते बाळगले होते. त्यांना पिलें व्हावीं अशी त्याची फार इच्छा होती, पण तें घडलें नाहीं. १६१३ सालीं मात्र जहांगीराच्या पदरच्या एका मादीस तीन पिलें झालीं. ही नोंद त्यानें केवळ नवल म्हणून केली. पण चित्ता बंदींत सहसा वितो असें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे तिचा खरा अर्थ उघडा पडतो. खेळासाठीं पाळलेला प्रत्येक चित्ता रानांतून धरून आणावा लागे. हजार चित्ते दरबारांत, म्हणजे रानांतून हजार चित्ते उणे. बादशहाच्या वैभवाचा आंकडा हाच रानाच्या दारिद्र्याचा आंकडा होय.

शिकारीचा हिशेब आणि सहज पाहिल्याची नोंद यांत हाच फरक आहे. हिशेब सांगतो किती मेले. किती उरले तें सांगत नाहीं. कंपनी सरकारच्या अमदानींतील आपल्या प्रांताचे कागद वाचतांना हें पदोपदीं जाणवतें. २८ एप्रिल १८१९ या दिवशीं जॉन स्मिथ नांवाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीस निघाला असतां त्यास अजिंठ्याचीं लेणीं दिसलीं, आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेविली, ही कथा सर्वश्रुत आहे. आपण ती कलेच्या इतिहासांत वाचतों. ती पशूंच्या इतिहासांतही वाचण्याजोगी आहे. कारण वाघूर नदीच्या त्या खोऱ्यांत वाघ शोधावयास जाणें तेव्हां अगदीं साहजिक होतें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १८२५ पासून, खानदेशांत भिल्ल पलटण उभारणाऱ्या आउटरमनें आणि त्याच्या सोबत्यांनीं दहा वर्षांत दीडशेंहून अधिक वाघ मारले. आजच्या धुळें-जळगांवच्या केळीच्या बागांतून हिंडतांना हें खरें वाटत नाहीं.

याच सुमारास दख्खनची गणना करण्यास नेमलेला कर्नल साइक्स हा आपल्या मुलखांतून हिंडत होता. त्याचें काम गांवें, पिकें आणि माणसें मोजण्याचें. पण वाटेंत दिसेल तो पशु-पक्षी त्यानें टिपला, आणि १८३१ सालीं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनमध्यें प्रसिद्ध केली. आमच्या लांडग्यास आणि रानकुत्र्यास शास्त्रीय नांवें देऊन त्यांचें वर्णन त्यानें प्रथम केलें. आणि त्याची विशेष गोष्ट ही, कीं लोक काय म्हणतात तेंही त्यानें लिहून ठेविलें. रानकुत्र्यासाठीं मराठ्यांचा शब्द 'कोळसून' असा त्यानें दिला आहे. म्हणजे त्याच्या नोंदीमागें कोणीतरी मराठी धनगर, पारधी किंवा पाटील उभा आहे. त्याचें नांव मात्र यादींत नाहीं.

सिंहाची गोष्ट याहून खेदाची. गीरच्या बाहेर, मध्य हिंदुस्थानांत, एकोणिसाव्या शतकांतही सिंह तुरळक आढळत. १८६६ सालीं अलाहाबादहून जबलपुरास जाणाऱ्या रेल्वेच्या ८० व्या मैलाच्या दगडाजवळ एक सिंह मारला गेला. लोहमार्गाच्या मैलाच्या दगडाजवळ सिंह! दोन युगें एका ठिकाणीं भेटलीं आणि एकानें दुसऱ्याचा निरोप घेतला. पुढें गीरच्या रानाखेरीज सिंह कोठेंच उरला नाहीं. तेथें तो राखला गेला म्हणून २०२५ च्या गणनेंत त्याची संख्या ८९१ भरली.

सहज दर्शनाच्या नोंदीस शास्त्राची बैठक मिळाली ती मुंबईंत. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. आपापल्या पाहण्यांत जें आलें तें एकमेकांस सांगावें, एवढाच मूळ उद्देश. या आठांत दोघे आपले होते: प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकीं डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकविणारे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून या संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें, आणि त्यांत 'किरकोळ टिपणें' म्हणून जो भाग असतो तो तर माझ्या मतें त्या नियतकालिकाचा आत्मा आहे. कोणी वनाधिकारी, कोणी चहामळेवाला, कोणी शिक्षक, अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं अमुक प्राणी पाहिला असें चार ओळींत लिहितो. पन्नास वर्षांनीं त्याच चार ओळी एखाद्या प्राण्याच्या ऱ्हासाचा एकमेव दाखला ठरतात.

मग मराठींत अशी परंपरा कां रुजली नाहीं? आपल्या सुशिक्षितांनीं काव्यांतील मृगनयना पुष्कळ वर्णिल्या, पण माळावरच्या मृगाकडे डोळे उघडून पाहिलें नाहीं, हें कबूल करावें लागेल. ज्यांनीं पाहिलें ते धनगर, कातकरी, गोंड आणि पारधी. त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. ज्यांच्या हातीं लेखणी होती ते कचेरींत बसले होते. ही उणीव पुढें व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनीं पुष्कळ अंशीं भरून काढली. चितमपल्लींनीं तर वनखात्यांतील नोकरी हीच आपली पाठशाळा केली, आदिवासींचे शब्द वेंचले, आणि हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्र' या जुन्या संस्कृत ग्रंथास मराठींत आणण्यांत भाग घेतला. २०२५ सालीं ते निवर्तले, तेव्हां रानाचा एक जिवंत शब्दकोशच मिटला.

नोंद नसली म्हणजे काय होतें, याचें सर्वांत दारुण उदाहरण चित्त्याचें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोल्हापूर व भावनगर येथील संस्थानिक शिकारीसाठीं आफ्रिकेंतून चित्ते आणवूं लागले. ही आयात हाच खरा मृत्युलेख होता. घरचा चित्ता मिळत असता तर समुद्रापलीकडून कोण आणविता? परंतु तो लेख त्या वेळीं कोणीं वाचला नाहीं. १९४७ सालीं कोरिया संस्थानच्या महाराजांनीं एका रात्रीं तीन चित्ते मारले. ते अखेरचे ठरले, आणि १९५२ सालीं चित्ता देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. शेवटचें दर्शन हें शेवटचें आहे असें पाहणाऱ्यास त्या क्षणीं कधींच कळत नाहीं. सत्तर वर्षांनीं, १७ सप्टेंबर २०२२ रोजीं, नामिबियांतून आणलेले चित्ते मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडण्यांत आले. जें फुकट होतें तें आतां विमानानें आणावें लागलें.

आतां पुन्हां आमच्या माळाकडे वळूं. दख्खनचीं हरिणें कां कमी झालीं? महायुद्धानंतर जीपगाडी आणि बंदूक सुलभ झाली. रात्रीं दिव्याचा झोत टाकून कळपच्या कळप टिपले गेले. धान्याच्या टंचाईंत माळ नांगरले गेले. सरकारी दप्तरांत गवताळ रानास 'पडीक' हा शब्द चिकटला, आणि जें पडीक तें कामास लावणें हा पराक्रम ठरला. पुढें कालवे आले, ऊंस आला. उसांत बिबळ्या राहूं लागला, पण हरिणास लागतें तें उघडें गवत उरलें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटास पूर्ण संरक्षण दिलें. १९७९ सालीं सोलापूर व नगर भागांतील माळरान माळढोकासाठीं अभयारण्य ठरलें; १९८० सालीं कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटासाठीं. माळढोक तेथून जवळ जवळ दिसेनासा झाला. काळवीट मात्र तगला, वाढला आणि अभयारण्याची सीमा ओलांडून माझ्या मुलीच्या दृष्टीस पडला.

येथें दुसरी बाजू सांगितल्यावांचून लेख प्रामाणिक होणार नाहीं. त्या दिवशीं गाडी थांबवून आम्ही उभे होतों तेव्हां शेजारच्या शेतांतील एक म्हातारा शेतकरी बांधावर आला. आमचा आनंद पाहून तो म्हणाला, "साहेब, तुम्हांला दोन घटका बरं वाटतं, आमची हरभऱ्याची शेंडी रोज जाते." मला उत्तर सुचलें नाहीं. जें दर्शन मला भाग्याचें वाटलें तें त्याच्या घरीं तोट्याच्या रकान्यांत पडत होतें. माझे वडील ज्या माळ्यावर बसून हरिणें हांकलीत तो माळा अजून मोडलेला नाहीं. केवळ आमच्या कुटुंबानें तो सोडला आहे. शहरांतील मनुष्याचें पशुप्रेम त्या म्हाताऱ्याच्या खर्चानें चालतें, हें आपण ओळखलें पाहिजे, आणि त्याची नुकसानभरपाई वेळेवर व पुरती मिळावी यासाठीं आपण बोललें पाहिजे. अशोकाच्या आज्ञेस राजदंडाचें पाठबळ होतें. आजच्या कायद्यास शेतकऱ्याची मान्यता लागते. ती नसेल तर कायद्याचें पुस्तक शाबूत राहील आणि हरिण जाईल.

असो. निराश होण्याचें कारण नाहीं. २०२४ च्या अखेरीस यवतमाळकडील टिपेश्वरच्या रानांतून निघालेला एक वाघ शेंकडों किलोमीटर चालत धाराशिव जिल्ह्यांतील येडशीच्या डोंगरांत आणि बार्शीच्या शिवारांत येऊन पोंचला. रानांत लाविलेल्या कॅमेऱ्यानें त्याचें चित्र टिपलें म्हणून लोकांस तें पटलें. आमच्या आजोबांच्या चौदा वर्षांच्या वह्यांत वाघाचें नांवही नाहीं. म्हणजे इतिहास एकाच दिशेनें वाहतो असें नाहीं.

म्हणून वाचकांस एकच विनंति करावीशी वाटते. प्रवासांत, शेतावर, घाटांत कोणताही रानपशु दृष्टीस पडला तर घरीं येऊन वहींत चार गोष्टी लिहाव्या: दिवस, ठिकाण, प्राणी कोणता आणि किती. नांव ठाऊक नसेल तर गुराख्यास विचारावें, आणि तो सांगेल तोच शब्द लिहावा. विशेषतः जें नेहमीं दिसतें तें लिहावें. कारण आजोबांची चूक तीच झाली. मीं मुलीस नवी वही आणून दिली आहे. तिच्या पहिल्या पानावर तिनें तारीख घालून लिहिलें आहे: करमाळ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या डावीकडे, काळवीट एक, माद्या दहा. तिच्याखालीं मीं सांगितल्यावरून तिनें आणखी एक ओळ घातली: शेजारीं हरभऱ्याचें शेत, शेंडे खाल्लेले.